पँटच्या पायाची पिशवी

मी एक पिशवी बोलतेय. हसू नका, पण माझा जन्म मास्तरांच्या जुन्या पँटच्या डाव्या पायातून झाला. गुडघ्यावर विरलेली पँट बाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, कापली, एक टोक शिवलं, दुसऱ्यात नाडी ओवली आणि झाले मी तयार. वाइनची बाटली गळ्यापर्यंत झाकायची, नाव कुणाला दिसू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

दर रविवारी दुपारी मास्तर, वकील आणि घड्याळवाला, तिघे शाळेपासूनचे मित्र, जेवणाच्या टेबलाशी बसत. आधी वास, मग घोट, मग वाइन ओळखण्यावरून भांडण. तोंडदेखलं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

"अंजीर आहे यात," मास्तर म्हणत.

"अंजीर कसलं? भिजलेली काडेपेटी!" वकील ओरडे.

"तुम्हा दोघांना नाकं दिली कुणी?" घड्याळवाला विचारे.

खरं तर मास्तरांचं नाक सगळ्यांत तिखट. नुसत्या वासावरून द्राक्ष कोणतं ते सांगत. चुकलेच तर वकील आठवडाभर पिच्छा सोडत नसे, आणि मास्तरांना तेही आवडे.

मग एका हिवाळ्यात मास्तर तापाने आडवे झाले. उठले, पण वास कळणं गेलं ते गेलंच. दूध करपून घरभर धूर झाला, तरी हे पाठमोरे बसून पेपर वाचताहेत! बाईंनी घाबरून दोघा मित्रांना फोन केला. "भावजी, तुम्हाला कळलंय हे दाखवू नका हं. मनाला लावून घेतील."

तेव्हापासून टेबल गप्प झालं. मास्तर अंदाजाने काहीबाही बोलत, दोघे माना डोलावत. मास्तरांचा चेहरा दर रविवारी थोडा अधिक उतरे. मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी सकाळी मास्तरांनी नवी बाटली उघडली. बाईंनी हुंगून नाक मुरडलं. "अहो, ओल्या गोणपाटाचा वास येतोय. ओतून टाका."

"राहू दे," म्हणत त्यांनी ती माझ्यात सरकवली.

दुपारी मास्तरांनी पेला नाकाशी धरला. "गुलाब. अगदी ताजा. काय म्हणता?"

घड्याळवाल्याच्या कपाळाला आठी पडली. मी मनात म्हटलं, बोल बाबा, एकदा तरी 'घाण' म्हण! त्याने वकिलाकडे पाहिलं.

"गुलाबच की," तो म्हणाला.

"वा!" म्हणत वकिलाने पेला रिकामा केला.

मास्तरांनी माझी नाडी सोडली आणि बाटली बाहेर काढली. "खराब आहे रे ती. सकाळीच हिने सांगितलं. नाक गेलं ते सोसलं असतं मी. पण तुम्ही मला भांडायच्या लायकीचाही ठेवला नाहीत."

दोघे खाली मान घालून निघून गेले. त्यांनी माया केली हो, पण ती मास्तरांना झेपली नाही.

आता मी बाल्कनीत टांगलेली असते, पोटात कपड्यांचे चिमटे. मित्रांचे फोन येतात. "झोपलोय म्हणून सांग," मास्तर बाईंना सांगतात आणि जागेच बसून राहतात.

वकीलसाहेब, घड्याळवाले, फोन नका करू. दार वाजवा, आत या, आणि त्यांच्या तोंडावर सांगा, "मास्तर, तुला काडीची अक्कल नाही." ते वाट बघताहेत.