कॉफी येईपर्यंत

महायुद्धाच्या त्या वर्षी माद्रिदमध्ये तीन परराष्ट्रमंत्री होऊन गेले होते आणि खरी कॉफी कुणाच्याच घरी नव्हती. चौथे मंत्री डॉन एव्हारिस्तो अकरा दिवस टिकले होते. मंत्रालयातला जुना सचिव फर्मिन रोज सकाळी दारावरची पाटी वाचूनच आत शिरायचा.

बाराव्या दिवशी जर्मन राजदूत बॅरन फॉन ट्रेस्को दुपारी दोनला साहेबांच्या घरी जेवायला आले. खिशात कागद होता: आमच्या सैन्याच्या गाड्या स्पेनमधून जाऊ द्या, सही आज पाचच्या आत. सही केली तर देश युद्धात ओढला जाणार. नकार दिला तर सैन्य विचारत बसणार नव्हतं. मग साहेब करणार तरी काय? फर्मिनला घास गिळवेना. साहेबांना छान गिळवत होता.

"डॉन एव्हारिस्तो, तो कागद..."

"अहो, कॉफीच्या आधी कामाचं? आणि म्हणे तुम्ही आमच्यातलेच झालात!"

बॅरन ओशाळले. बारा वर्षं इथं काढून आपण माद्रिदकरांहून माद्रिदकर झालो, याचा त्यांना भारी गर्व.

आधी रस्सा आला, मग चणे, मग नखाएवढं मांस. त्या मांसावर साहेब चाळीस मिनिटं बोलले. चार वाजता स्वयंपाकीण कासिल्दानं कप आणले.

साहेबांनी वास घेतला. "हे काय?"

"भाजलेल्या जवाचं पाणी. सहा महिने हेच ढोसताय की!"

"ही कॉफी नव्हे. म्हणजे जेवण अजून संपलेलं नाही."

अस्सं! फर्मिनला आता खरी भूक लागली. पण बॅरनही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी ड्रायव्हरला दूतावासात पिटाळलं आणि साडेचारला अस्सल कॉफी टेबलावर आली. वासानंच कासिल्दाच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी दोन कप संपवले. बॅरननी कागद उलगडला.

"कॉफी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

"म्हणजे आज यजमान तुम्ही!" साहेब उठले. "फार सुंदर पाहुणचार झाला. आता यजमानांच्या दुपारच्या झोपेआड आम्ही यायचं नाही. चला फर्मिन, घरी जाऊ."

"साहेब, घर हेच आहे."

"माझी हॅट द्या."

दोघं घरासमोरच्या बाकावर जाऊन बसले. चर्चच्या घड्याळात पाच वाजले. फर्मिन मान लांब करून खिडकीकडे बघत होता. शेवटी कासिल्दा डोकावली.

"साहेब, यजमानांनी बर्लिनला फोन लावला!"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बोलणी रंगात आहेत, दोन दिवस द्या. कॉफीचं काही बोलले नाहीत. आता सोफ्यावर आडवे झालेत."

फर्मिननं सुस्कारा सोडला. "आणि उद्या, साहेब?"

"उद्या मासे करायला सांगा," साहेब म्हणाले. "भरपूर काट्यांचे."