सोळा जणांचा चौकोन

सुजीत कंपनीतर्फे वर्षभर अमेरिकेत राहिला, तिथून स्क्वेअर डान्स शिकून आला आणि दुबई मरीनातल्या आमच्या टॉवरच्या हॉलमध्ये त्याने तो सगळ्यांच्या माथी मारला. चार जोडपी चौकोनात उभी राहतात, सुजीत माइकवर इंग्रजीत कॉल देतो, त्याप्रमाणे ती फिरतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि याला तर माइकही होता.

मी आणि शेजारची माहनूर चौकोनाबाहेर. माझा नवरा फुजैरा बंदरावर, तिच्या उझैरला रास अल खोरच्या गोदामातून सवड नाही. "जोडपं हवं ना, शुभ्रा. तुम्ही दोघी चहाचं बघा," सुजीत म्हणायचा. आम्ही पॅन्ट्रीत चहाचं बघायचो आणि कॉल ऐकत, हातात हात घालून ओट्यापुढे तेच नाचायचो. मला फार नाचायचं होतं. फक्त त्याच्यापुढे तोंड वेंगाडायचं नव्हतं.

टॉवरच्या वार्षिक कार्यक्रमाला त्याच्या कंपनीचे मोठे साहेब येणार म्हटल्यावर सुजीतला आठ जणांचा नाच तोकडा वाटू लागला. "यल्ला, लक्ष द्या! अ‍ॅडव्हान्स्ड आहे. आता एकेका डान्सरच्या जागी एकेक जोडी. दोघांनी मिळून एकच माणूस व्हायचं. सोळा लोग, सेम कॉल!" सोळा जमेनात, तेव्हा आमची आठवण झाली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, गाढवं आम्ही.

दोघांनी मिळून एक माणूस! या नवरा-बायकोंना ते कुठून जमणार? कॉल आला की नवरा उजवीकडे, बायको डावीकडे, आणि मग चूक कुणाची यावर लिफ्टपर्यंत वाद. आम्ही दोघी तेवढ्या एकत्र वळायचो. शेवटी सुजीतने आम्हाला पुढच्या कोपऱ्यात उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, "कॉल नाही कळला तर यांच्याकडे बघा." मग कॉल कुणी ऐकेचना. माहनूरने आम्हा दोघींसाठी एकाच कापडाचे घेरदार कुर्ते शिवले.

कार्यक्रमाच्या दिवशी सुजीत पडद्यामागे आला. "साहेब आणि मॅडमनाही नाचायचंय. तुमच्या जागी त्यांना उभं करतो. साहेबांना नाही कसं म्हणणार? नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला."

त्याला माझा चेहरा दिसू नये म्हणून मी माहनूरला घेऊन स्टेजवरून खाली चहाच्या टेबलाकडे गेले.

गाणं सुरू झालं. पहिला कॉल आला आणि सातही जोड्यांनी सवयीने आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे साहेब कुणाच्या तरी मोबाइलकडे बघून हात हलवत होते. मग सगळ्यांनी हात हलवला. दुसऱ्या कॉलला मॅडमनी पदर सारखा केला, तर तिघींनी पदर सारखे केले. तिसऱ्याला सगळे एकमेकांवर आदळले.

सुजीत माइक मुठीत दाबून स्टेजच्या कडेला धावला. "शुभ्रा, माहनूर, प्लीज! वर या, जल्दी!"

मला अजूनही जायचं होतं. माहनूरने माझा हात धरला. मी टेबलाकडे वळले, तशी तीही वळली.

"आम्ही चहाचं बघतोय, सुजीत," मी म्हणाले.

दोन कप भरले, आणि पहिल्या रांगेत साहेब-मॅडमच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसून आम्ही चहा प्यायलो.