दिल्ली जवळ आली

"शुक्री, दिल्लीवाला विचारतो, चिकू पाठवलेत की दगड?" शैलेशशेठनी फोन टेबलावर आपटला. "दुसऱ्यांदा झालं हे! आता परत तक्रार आली तर तुझी सगळी टोळी घरी."

माझं डोकंच सणकलं. घोलवडच्या या शेडमध्ये माझे केस पांढरे झाले. चिकू दाबून बघायचा आणि कुठल्या गावाला किती कडक पाठवायचा हे ठरवायचं, ते काम माझं. सुरतेला नरम, अहमदाबादला जरा ताठ, दिल्लीला चांगला कडक. वाटेत पिकत जातो आणि पोचतो तेव्हा विकायला तयार असतो. आणि म्हणे दगड!

"हात तोच आहे शेठ," मी म्हटलं. "दिल्ली काय चालत पुढं आली का?"

शेठ हसलेसुद्धा नाहीत. शेडमध्ये आम्ही आठ जणी, सगळ्या शेजारच्या चिखले गावच्या. ठकीच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर, गंगीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. हे काम सुटलं तर उंबरगावच्या कारखान्यांच्या दारात उभं राहायचं, घेतील तर घेतील.

दुसऱ्या दिवशी गाडी भरली तसं ड्रायव्हरलाच धरलं. दशरथ त्याचं नाव, तलासरीचा.

"खरं सांग मेल्या, माल कुठं फिरवतोस?"

"अगं बाय, उलट लवकर पोचतो मी! जीएसटी आला, हद्दीच्या तपासणी नाक्यावरची रांग गेली. थांबायचंच नाही आता."

मला पटेना. चढले त्याच्याच गाडीत. पूर्वी तलासरीच्या पुढं, गुजरातच्या हद्दीपर्यंत ट्रकांची ही भलीमोठी रांग! ड्रायव्हर स्टो पेटवून भात शिजवायचे, आंघोळी उरकायचे, तरी गाडी हलायची नाही. आज दशरथनं ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाही. मी पुढं उतरले आणि मिळेल त्या जीपनं परत निघाले.

सासूनं मला दिल्लीचा चिकू दाबायला शिकवला तो नाक्यावरची रात्र धरून. ती रात्र मोजतोय हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. रस्ता तेवढाच राहिला, रात्र गेली, आणि चिकू पिकायचा राहिला.

तशीच धावत शेठकडे गेले. "माझा हात चुकला नाही, नाका गेला! एक रात्र जास्त पिकवून पाठवते, मग बघा."

शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि दिल्लीला फोन लावला. बराच वेळ हिंदीत बोलत होते. शेवटी फोन ठेवून हसले.

"शाबास शुक्री! अगं, कडक माल इतक्या लवकर पोचतोय तर इथं निवडायचा, पिकवायचा, भरायचा कशाला? झाडावरून थेट क्रेटमध्ये टाकू. बाकीचं तो तिकडंच करून घेतो म्हणतोय."

"आणि आम्ही?"

"तुझं काही चुकलंच नव्हतं गं," शेठ मनापासून म्हणाले. "मीच उगाच बोललो."

बाहेर ठकी पदराला हात पुसत उभी होती. बाकीच्या जणीही हातातलं काम टाकून माझ्याकडेच बघत होत्या.

"काय झालं, बाय? चूक आपली नव्हती ना?"

"नव्हती," मी म्हटलं. काम गेलं, ते घरी जाताना वाटेत सांगायचं ठरवलं.