काल्लिओतली शनिवारची फेरी

"घोड्याच्या तोबऱ्यात घालायचे ओट, आणि हे लोक त्याचं दूध काढून कॉफीत ओततात," वेइयो गळपट्ट्यात तोंड खुपसून पुटपुटला. "उद्या गवताचंही काढतील."

"हळू बोल," इर्मेली म्हणाली.

"हळूच बोलतोय. टेबलंच एकमेकांच्या मांडीवर बसलीयत."

शेजारच्या टेबलावरची निळ्या केसांची मुलगी कपात तोंड घालून हसली. इर्मेलीने नवऱ्याला गुडघ्याने ढोसलं. तसं बघितलं तर वेइयो कुरकुरत होता याचं तिला बरंच वाटत होतं. तो गप्प झाला की तिला धास्ती वाटायची.

त्यांच्या लाह्तीहून हेलसिंकी म्हणजे गाडीने तासाभराची वाट. उन्हाळा सरल्यापासून दोघं दर शनिवारी येत होती, आणि शेजारच्या राइलीला सांगत होती, काल्लिओ बघायला जातो, फार बघण्यासारखं झालंय म्हणे आता. ते खोटं नव्हतं. एके काळी कारखान्यातल्या माणसांनी एकेका खोलीत संसार रेटले, तो हा हेलसिंकीचा चढउताराचा भाग. आता तिथे खाटकाच्या दुकानात कला मांडलेली, चांभाराच्या दुकानात जुने कोट नव्यापेक्षा महाग, आणि जी भिंत मोकळी सापडेल तिच्यावर कुणीतरी मासा नाहीतर डोळा रंगवून ठेवलेला. पुरवणीत 'पायी काल्लिओ' असा लेखही आला होता. इर्मेलीने तो कापून पर्समध्ये ठेवला होता, कुणी विचारलंच तर दाखवायला.

विचारत कुणी नव्हतं. त्यांचा मुलगा आर्तू इथे राहत होता, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. लाकडावर ठसे कोरायचे आणि चित्रं छापायची हे त्याचं काम. फेब्रुवारीत तो इस्पितळात होता. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं, हे त्याने स्वतःच करून घेतलंय, मैत्रिणीला वेळेवर शंका आली म्हणून वाचला. दोघांनी माना हलवल्या होत्या. परतताना गाडीत वेइयो म्हणाला, "राइलीने विचारलं तर फ्लू सांग." तिने राइलीला फ्लू सांगितला. मग नणंदेला सांगितला, मग शाळेच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या मैत्रिणींना, आणि होता होता ती दोघं एकमेकांशी बोलतानाही फ्लूच म्हणू लागली. वसंतात आर्तूचा निरोप आला, बरा आहे, जमेल तेव्हा बोलावतो. तेव्हापासून दोघं बोलावण्याची वाट बघत होती.

पोटच्या पोराकडे जायला बोलावणं कशाला लागतं, असं परक्या मुलखातलं माणूस विचारील. आमच्यात लागतं. सख्ख्या बहिणीकडे जायचं तरी आधी कळवायचं, आणि बोलावतो म्हणालेल्या माणसाला तर आठवणसुद्धा करायची नाही. ज्याला त्याला आपल्या दाराआड निवांत असू द्यावं, यालाच आम्ही माया म्हणतो. तेव्हा बेल वाजवायची नाही, हे ठरलेलं. रस्ता मात्र सरकारी. त्यावरून कुणीही जावं.

कॉफी संपवून दोघं त्या खाटकाच्या जुन्या दुकानात गेली. आतमध्ये मोडक्या खुर्च्यांचा ढीग मांडला होता, मागच्या शनिवारी होता तोच. वेइयोची सारी उमर खुर्च्यांच्या कारखान्यात गेलेली. त्याने वाकून एक सांधा बघितला.

"सरस सुटलाय."

"मुद्दाम सोडलाय. त्याला अर्थ असतो."

"काय अर्थ?"

"हाच, की सरस सुटलाय."

वेइयोला हे पटल्यासारखं दिसलं. बाहेर आल्यावर त्याने आभाळाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "इकडून जायचं?"

"जाऊ की. चढ कमी आहे."

चढ तिकडेच जास्त होता. पण तिकडे आर्तूची गल्ली होती. खिडकीतला दिवा जागचा हललेला दिसला, किंवा काचेआड वाळत टाकलेला नवा कागद दिसला, की तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा. लाह्तीला गेल्यावर वेइयो रेडिओ लावायचा आणि इर्मेलीला झोप लागायची.

आज पडदा ओढलेला होता. दुपार टळत आली तरी.

"झोपला असेल," इर्मेली म्हणाली.

"असेल."

"रात्री जागून काम करतात हे लोक."

"करतात."

दोघं दारापाशी थांबली. बेलची बटणं हातभर अंतरावर होती आणि वरून तिसऱ्या बटणापुढे त्यांचंच आडनाव होतं. वेइयोचा हात खिशातून निघाला. हात वर गेला, आणि त्याने रुमालाने नाक पुसलं.

"चल," तो म्हणाला. त्यापुढे तो काही बोलला नाही, ओटावरून नाही की कशावरून नाही. इर्मेली त्याच्यामागून चढ उतरू लागली.

खालच्या कोपऱ्यावर सार्वजनिक सौना आहे, वाफेने अंग शेकायचं न्हाणीघर. बाहेर फुटपाथवरच्या बाकावर नेहमीसारखे पुरुष टॉवेल गुंडाळून थंड होत बसले होते, अंगाच्या वाफा निघत होत्या. सभ्य बाईने करावं तशी इर्मेलीने नजर रस्त्याकडे वळवली.

"आई."

आर्तू होता. लालबुंद, ओल्या केसांचा, हातात लेमोनेडची बाटली. तिने हात पुढे केला, पण उघड्या खांद्याला कुठे शिवावं ते तिला कळेना, तो तसाच मागे आला.

"झाली का शनिवारची फेरी?" आर्तू म्हणाला. "त्या खुर्च्यांवाल्याला वाटतंय तुम्ही गिऱ्हाईक आहात. बिचारा आशेवर आहे."

"तुझा पडदा ओढलेला होता," इर्मेली बोलून गेली.

"मीच ओढलाय. दर शनिवारी वरून तुझी लाल टोपी दिसते. आधी आधी मी कॉफी टाकायचो. तुम्ही वर बघायचात आणि पुढे जायचात."

"बोलावतो म्हणाला होतास ना तू? आम्ही आपले..."

"म्हणालो होतो. आज म्हटलं, पडदा ओढून बघू. आज तरी वाजवतात का. इथून दार दिसतं माझं." तो वडिलांकडे वळला. "तुझा हात निघाला होता, बाबा."

"नाक पुसायला," वेइयो म्हणाला.

बाकावरच्या बाकीच्यांनी डांबराकडे बघायला सुरुवात केली.

"मला वाटतं तुम्हाला वर यायची भीती वाटते," आर्तू म्हणाला. "दार उघडल्यावर काय दिसेल याची."

ते खरं होतं. रात्रीरात्री इर्मेलीने ते दार मनातल्या मनात उघडलं होतं आणि घाईघाईने लावलंही होतं. तिला एवढंच सुचलं, "आत जा बघू. उघड्या अंगाने वाऱ्यात बसलायस. पुन्हा मागच्यासारखा फ्लू..."

शब्द गेला तो गेला. आर्तूने बाटली खाली ठेवली. त्याच्या शेजारचा जाडा माणूस टॉवेल सावरत उठला, "आत वाफ जरा कमी झाली वाटतं," असं स्वतःशीच म्हणत आत निघून गेला.

त्या मोकळ्या, ओल्या जागेवर वेइयो आपल्या चांगल्या कोटानिशी बसला. मुलाच्या आणि त्याच्या खांद्यात फट उरली नाही. इर्मेलीला वाटलं, आता हा बाकाबद्दल काहीतरी बोलेल, फळ्या सैल आहेत म्हणेल. त्याने ट्रामच्या रुळांकडे बघितलं.

"फ्लू नव्हता तो, इर्मेली," तो म्हणाला. मग त्याने मान वळवून मुलाच्या तोंडाकडे बघितलं. "आर्तू, तू मरायला निघाला होतास. अजून मरावंसं वाटतं का तुला?"