चोरकप्प्यातली खडीसाखर

मी एक जुनी पर्स आहे. जुनी म्हणजे वापरून जुनी नव्हे हं, मित्रांनो, नुसती पडून पडून जुनी! माझ्यात कधी कुणी रुमाल ठेवला नाही की घराची किल्ली टाकली नाही.

माझा जन्म परदेशातला. वासराच्या मऊ कातड्याची मी. ते कातडं कमवायला पाणी किती लागलं ते विचारू नका, तोंडात बोट घालाल. मग विमानाने आले ती थेट मुंबईत, लोअर परळच्या एका चकचकीत मॉलमध्ये. गळ्यात हिरवं लेबल, 'पृथ्वीवर प्रेम करणारी पर्स'. त्या लेबलाची मला कोण ऐट! काचेच्या कपाटात बसायचं, बुरशी लागू नये म्हणून दिवसरात्र एसी, डोक्यावर दिवे, आणि पोट बसू नये म्हणून आत कागदाचे बोळे कोंबलेले. लोक यायचे, "वा, काय सुंदर!" म्हणायचे आणि निघून जायचे. एकदा एका बाईंनी मला खांद्याला लावून आरशात पाहिलं. मी अशी हरखले! "छान आहे, पण अशा घरी पडल्यात गं," असं म्हणून त्यांनी मला परत ठेवलं.

दुकानात कालिंदी नावाची मुलगी कामाला होती. मॉलच्या मागच्याच चाळीत राहायची. रोज मऊ फडक्याने मला पुसायची. तिची स्वतःची पिशवी मात्र पारदर्शक प्लास्टिकची. कामावरच्या माणसांनी आरपार दिसणारीच पिशवी आणायची, असा तिथला नियम. त्यामुळे तिचा सगळा संसार जगाला दिसायचा: डबा, कंगवा, छत्री, आईच्या गोळ्या. कोपरा फाटला की कालिंदी चिकटपट्टी मारायची. 'शी, काय हा अवतार!' म्हणून मी आधी नाक मुरडलं. पण दुकान बंद झालं की ती फाटकी पिशवी कालिंदीच्या खांद्यावरून घरी जायची. इथे दिवे तसेच जळत राहायचे आणि समोर बघायला चिटपाखरू नसायचं. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्यातही काहीतरी ठेवावं!

मग मोसम बदलला, नव्या रंगाच्या पर्स आल्या आणि माझी रवानगी मागच्या खोलीतल्या फळीवर झाली. मुली तिथे जेवायला बसायच्या. एक दिवस तिच्याबरोबर काम करणाऱ्या प्रितीने कालिंदीचा डबा धुऊन परत दिला.

"काय गं, रिकामाच?" कालिंदी हसली. "आमच्या आईने बघितलं तर कान उपटेल तुझे. कुणाला रिकामं काही देऊ नये. काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी."

"आता मॉलमध्ये साखर कुठून आणू बाई?"

दोघी खिदळल्या. मी फळीवरून ऐकत होते.

एक दिवस मॅनेजर हर्षवर्धन आला. बाहेर काचेत वसुंधरा सप्ताहाची सजावट चालली होती, प्लास्टिकच्या वेलींची. त्याने मला खाली काढलं आणि कालिंदीच्या हातात कटर दिला.

"न विकलेला माल आहे. काप, मी फोटो काढून वर पाठवतो."

"कापू? सर, तिला काय झालंय?"

"झालं काहीच नाही गं. पण स्वस्तात गेली तर ब्रँडचं नाव जातं."

"मग देऊन टाका ना कुणालातरी. वापरेल तरी बिचारी."

"कालिंदी, प्लीज. मला काय हौस आहे? नोकरी तुझीही आहे आणि माझीही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. कालिंदीने माझ्यातले कागदाचे बोळे काढले. मग आपल्या पिशवीतून एक पुडी काढली, देवळातल्या प्रसादाची. तिच्यातला खडीसाखरेचा एक खडा तिने माझ्या आतल्या चोरकप्प्यात ठेवला.

"रिकामी नाही पाठवत गं तुला," ती पुटपुटली. तिचे डोळे भरले होते.

मग तिने मला कापलं. चोरकप्पा तेवढा वाचवला.

आता मी मागच्या जिन्याखाली, एका पोत्यात पडले आहे. जाळायला नेणारी गाडी यायची आहे. हिरवं लेबल अजून गळ्यात आहे. मित्रांनो, इथे फार एकटं वाटतं. तुमच्या घरी खुंटीला एखादी जुनी पिशवी असेल. नवी घेण्याआधी तिला एकदा भरून बाजारात न्या. फाटली तर टाका घाला. आम्हाला दुसरं काही नको असतं हो.

सकाळपासून मुंग्यांची रांग लागली आहे. कापलेल्या कातड्यातून आत येतात, खडीसाखरेचा कण उचलतात आणि घरी नेतात. मी अगदी हलत नाही. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यातून काहीतरी काढून घेतंय.