घड्याळजींच्या हातातला कंट्रोलर

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तो. माझं एक बटण सैल झालंय. पाठीचा एक स्क्रू मात्र घड्याळजींनी बसवलाय, म्हणून तो कारखान्यातल्या स्क्रूंपेक्षा घट्ट आहे. टीव्हीच्या रिमोटशी माझं कधीच पटलं नाही. घरातला कर्ता आपणच, अशी त्याची समजूत आहे.

कारखान्यात माझ्या पोटात दोन चिमुकल्या मोटारी बसवल्या. पडद्यावर काही आपटलं की त्या फिरतात आणि मी खेळणाऱ्याच्या हातात थरथरतो. तपासणीच्या बाईंनी मला एकदा थरथरवून पाहिलं, "हं, चालेल," म्हणाल्या आणि खोक्यात टाकलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

मला घरी आणलं घड्याळजींच्या मुलीने. तिची आई गेल्यापासून घरात फक्त भिंतीवरची घड्याळं बोलायची, आणि तीही एकच शब्द. मुलीने स्वतःला एक कंट्रोलर घेतला आणि मला वडिलांच्या हातात दिलं.

"बाबा, होडी तुम्ही चालवा. शिडं मी सांभाळते."

"ठमे, मी बारीक कामाचा माणूस. मला या वयात समुद्रात ढकलतेस?"

पण काय ते हात! केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलणारे. खडकांच्या फटीतून होडी अशी अलगद निघायची की माझ्या मोटारींना कामच उरायचं नाही. मग जेवताना चर्चा. तलवारीचा गेम घड्याळजींना मुळीच आवडला नव्हता.

"नुसती कापाकापी. भाजी चिरायला बसल्यासारखं वाटतं."

"बाबा, लोकांनी त्याला पाचपैकी पाच तारे दिलेत!"

"लोकांच्या घरी भाजी दुसरं कोणीतरी चिरत असेल."

पुढे मुलीला दूरच्या गावी नोकरी लागली. दर रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, दीपगृहाचा गेम आलाय. तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. खेळाच, आणि मला सांगा." ती तिकडून गेम पाठवायची आणि तो इकडे पडद्यावर हजर व्हायचा.

त्याच सुमारास घड्याळजींचे हात थरथरू लागले. आधी एक स्क्रू निसटला, मग एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची काच फुटली. डोळ्यांचं निमित्त सांगून त्यांनी दुकान बंद केलं आणि मला फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मुलीला कळलं तर ती नोकरी सोडून धावत येईल, ही त्यांना धास्ती. म्हणून तिला कळू द्यायचं नव्हतं.

मग ते शनिवारी फोनवर इतरांची मतं वाचू लागले, तीही मोठ्याने. एकाने लिहिलं होतं, हा गेम खेळला नाही तर जन्म फुकट. त्याच्याखाली दुसऱ्याने, हा गेम खेळलात तर जन्म फुकट. दोघांपैकी कोणीच तो खेळलेला नसावा, असा मला दाट संशय आहे. घड्याळजी दोघांची सरासरी काढायचे आणि रविवारी मुलीला सांगायचे, "संगीत जरा भडक आहे गं. पण गोष्ट धरून ठेवते."

"आणि शेवट?"

"शेवट अंगावर आला."

त्या गेमची सुरुवातसुद्धा या घरात कोणी पाहिली नव्हती, मित्रांनो.

घड्याळजींना एक गोष्ट ठाऊक नव्हती. वडील शेवटचं कधी खेळले, ते मुलीला तिकडे पडद्यावर दिसायचं. तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. बाबांना आता कंटाळा आलाय, आपलं मन राखायला गोड बोलतात, असं तिने धरलं. तरी ती नवे नवे गेम सुचवत राहिली. ते बंद केलं तर "जेवलात का?" याच्यापुढे बोलणार काय?

एकदा ती रजेवर आली आणि तिने ड्रॉवर उघडला.

"बाबा, वर्षभर तुम्ही एकदाही खेळला नाहीत. मला दिसतं तिकडे. नको होतं तर सरळ सांगायचं. मी काय पाहुणी आहे, तोंडदेखलं कौतुक करायला?"

घड्याळजींनी मला हातात घेतलं. जुना होडीचा गेम लागला. पहिल्याच खडकावर होडी आपटली आणि मी थरथरलो. पण हात माझ्याआधीच थरथरत होते. दुसरा खडक. तिसरा. मुलगी आता पडद्याकडे बघतच नव्हती.

"कधीपासून, बाबा?"

"होडीच जुनी झालीय गं," घड्याळजी म्हणाले.

या विनोदाला कोणी हसलं नाही.

पुढे सगळं छान झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हात तसेच राहिले. मुलगी इथेच राहते म्हणाली. बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं, आणि ती रडत परत गेली. आता रविवारी ती तिकडे एकटी खेळते आणि फोनवरून काय चाललंय ते सांगते. घड्याळजी ऐकतात. "डावीकडे घे," म्हणतात. कधी तेवढंही म्हणत नाहीत.

मित्रांनो, कोणी जीव लावून तुम्हाला एखादा गेम सुचवला, तर त्याला दुसऱ्याचं मत उसनं आणून देऊ नका. नाही आवडला तर तसं सांगा. खेळता येत नसेल, तर तेही सांगा. सुचवणाऱ्यानेही एकदा विचारावं, हात कसे आहेत.

फोन चालू असताना घड्याळजी अजून मला हातात धरून बसतात. माझी बॅटरी केव्हाच संपली आहे. त्यांचे हात थरथरतात आणि माझं सैल बटण खुळखुळतं. ते ऐकून पलीकडून मुलगी विचारते, "बाबा, खेळताय का?"

"हो तर," घड्याळजी म्हणतात.

मी होईल तेवढा स्थिर राहायला बघतो.