दोनदा खोललेली हापशी

“मी नाई येत. जाय.” देवाजी दारातच उभा राहिला. मारोतरावाला त्यानं आत बोलावलं नाही.

“तीन दिवस झाले नळ बंद हाय, देवाजी. आता हापशीबी बसली. बायांनी पाणी कुठून आणावं?”

“माह्या बायकोले कुठी न्यावं, ते सांगतलं होतं का तुमी?”

मारोतराव खाली बघू लागला. महिन्यापूर्वी याच माणसानं मसणवट्याच्या वाटेवर बैलगाडी आडवी लावली होती. येशूवाल्यांची माती इथं होणार नाही, म्हणाला होता. रुक्माबाईचा देह दोन तास उन्हात पडून राहिला. शेवटी देवाजीनं तिला ऑटोत घालून आदिलाबादला, चर्चच्या जागेत नेलं. वाटभर तिचं डोकं त्याच्या मांडीवर हिंदकळत होतं. पंचवीस वर्षं या गावात नांदलेली बाई. मारोतरावाच्याच शेतात कापूस वेचायची.

तलमडुगुच्या आसपासच्या गावांत हापशा दुरुस्त करणारा देवाजी एकटाच. शेवटी तो गेला, पण दात खात गेला.

चार गड्यांनी पाइप वर ओढले. तळाचं चामडी वायसर झिजून कागदासारखं झालं होतं. पिशवीत नवं होतं; देवाजीनं त्याला हात लावला नाही. जुनंच पुसून परत बसवलं. आठ दिवस पाणी येईल, मग भर वैशाखात हापशी पुन्हा बसेल. तोवर आपण बेज्जूरला, बहिणीकडे. बोंबलू दे गाव.

पाणी आलं. बाया घागरी घेऊन धावल्या.

“वायसर नवं टाकलं ना?” मारोतरावानं विचारलं.

“टाकलं.”

खोटं इतकं सहज निघालं की देवाजी स्वतःच चपापला. बैलगाडी आडवी लावताना मारोतरावाच्या तोंडावर जे होतं, तेच आत्ता आपल्या तोंडावर असणार, असं त्याला वाटलं. स्वतःचीच शिसारी आली.

“घागरी सरकवा. परत खोलायची हाय.”

“काऊन? पाणी तर येऊन राह्यलं!”

“खोटं बोललो मी. जुनंच टाकलं.”

एकच गिल्ला झाला. कुणी त्याची आई काढली, कुणी जात. तो मान खाली घालून बोल्ट सोडवत राहिला. कुरकुरत का होईना, गड्यांनी पुन्हा पाइप ओढले. नवं वायसर बसेपर्यंत दुपार टळली.

मारोतराव जवळ आला. “झालं गेलं सोडून दे आता. तू देवमाणूस हायेस.”

देवाजीनं हातातला पान्हा दाणकन ओट्यावर आपटला.

“देवमाणूस म्हणू नोको मले! तुह्यासाठी नाई केलं हे. माह्या बायकोले तू रस्त्यावर ठेवलं. मले तुह्यासारखं व्हायचं नव्हतं, एवढंच.”

त्यानं अवजारं गोळा केली आणि कुणाकडे न बघता तो निघाला.

रविवारी चर्चमध्ये येशूनं शिकवलेली प्रार्थना सगळे एका सुरात म्हणत होते. ज्यांनी आमचं वाईट केलं त्यांना आम्ही माफ केलं, या ओळीशी देवाजीचे ओठ घट्ट मिटले. पाळकानं पाहिलं. पुढची ओळ, आम्हाला मोहात पडू देऊ नको म्हणणारी, देवाजीनं इतक्या मोठ्यानं म्हटली, की पुढच्या बायांनी वळून पाहिलं.